सायलेन्सर चिरडले, दुकानांचे काय?



जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे, त्यांच्यावरून रोडरोलर फिरवायचा आणि फोटो छापून आणायचे, हा वाहतूक पोलिसांचा आता ठरलेला कार्यक्रम झाला आहे. बुलेटच्या फटाक्यांनी ज्यांची झोपमोड होते ते टाळ्या वाजवतात, त्यात गैर काही नाही. पण तो कर्कश ‘इंदोरी’ सायलेन्सर ज्या दुकानातून घेतला, तिथे दुसऱ्या दिवशी तसाच नवा टांगलेला असतो.

कायदा काही मवाळ नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांना छेद देणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. मात्र लडाखला निघालेल्याने उंच हँडलबार बसवला आणि कॉलेजच्या पोराने सायलेन्सरची जाळी काढली, तर नाक्यावर दोघांकडेही संशयानेच पाहिले जाते. आपला पार्ट तपासून घेतलेला आहे, हे दाखवायला पहिल्याच्या खिशात कागदच नसतो.

बाजारातल्या बऱ्याच सायलेन्सरच्या तोंडाशी ‘डीबी किलर’ नावाची, आवाज दाबणारी भोकाभोकांची आखूड नळी असते. एक बोल्ट सोडवला की ती हातात येते. पीयूसीवाला धूर मोजतो, आवाज नाही. बीएस-६ गाडीचा पूर्ण एक्झॉस्ट बदलला, तर बहुधा कॅटलिटिक कन्व्हर्टरही त्याच्याबरोबर जातो.

वायरिंगचे तर कोणी नावच घेत नाही. फॉग लाइट हेडलाइटच्याच वायरवरून, रिले न लावता जोडतात. फ्यूज उडू लागला की त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळली जाते. मग जळायची पाळी वायरिंगची. आणि तोच फॉग लाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो, ते वेगळेच.

आवाजाची मर्यादा आहे. ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला ७७ डेसिबल, त्यावरच्यांना ८०. पण हे आकडे धावत्या गाडीवर, चाचणीच्या ठिकाणी मोजायचे. नाकाबंदीवरच्या हवालदाराची भिस्त बहुतेक वेळा कानांवरच. जर्मनीत गाडीच्या कागदांवरच उभ्या गाडीच्या आवाजाचा आकडा छापलेला असतो, त्यामुळे पोलिसाला मीटर लावून तो पडताळता येतो. तिथे मान्यताप्राप्त सुट्या भागावर शिक्का असतो किंवा सोबत परवान्याचा कागद. दुसऱ्या कंपनीचा पार्ट लावला म्हणून तिथे कोणी आपोआप गुन्हेगार ठरत नाही.

अशी शिक्क्यांची व्यवस्था आपल्याला झेपणार नाही असे म्हणायला जागा नाही. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यात १९६६ पासून आहे. जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा ठरले. म्हणजे विक्रेत्याला जबाबदार धरता येते. शिक्के बनावट निघतील, हा आक्षेप खरा आहे. हेल्मेटवरही ते निघतात. पण निदान तेव्हा छापा दुकानावर आणि कारखान्यावर घालता येतो. भुर्दंड फक्त विशीतल्या गिऱ्हाइकावर पडत नाही.

परिवहन खात्याने सुरुवातीला सायलेन्सर आणि दिवे या दोनच वस्तू घ्याव्यात: तपासणी ठरवावी, शिक्का सक्तीचा करावा आणि बिनशिक्क्याचा माल विकणाऱ्यालाही दर नगामागे तोच ५,००० रुपयांचा दंड लावावा.

– एक दुचाकीस्वार वाचक, पुणे