घाण कुठून येते, सांग!

मंडळी, आज एक कबुली. गेल्या महिन्यात मी पगाराचा घसघशीत लचका तोडून एक रेल्वे इंजिन घेतलं आणि त्याच वीकेंडला ते स्वतःच्या हातानं घाण केलं. बायको म्हणाली, ‘तुझा स्वतःचा डबा घासायला सांगितला की कंटाळा येतो, आणि इथे घाण करायला ब्रश?’ पॉइंट आहे. पण मॉडेल रेल्वेच्या दुनियेत या उद्योगाला वेदरिंग म्हणतात. ऊन, पाऊस, धूळ, काजळी, तेल यांनी खऱ्या गाडीचं जे होतं, ते रंगांनी छोट्या गाडीचं करायचं.

माझं इंजिन डब्ल्यूडीएम-2, म्हणजे आपला अल्को. 1962मध्ये पहिले काही अमेरिकेतून आले, मग वाराणसीला बनू लागले. 2600 हॉर्सपॉवर, सोळा सिलिंडर आणि सुटताना तो काळाकुट्ट धूर. लहानपणी पुणे स्टेशनवर उभं राहून ज्यानं हा धूर गिळलेला नाही, त्याच्याशी मी या विषयावर वाद घालत नाही. मॉडेलचं प्रमाण एकास सत्त्याऐंशी, ज्याला एचओ म्हणतात. सतरा मीटरचं धूड वीस सेंटिमीटरमध्ये, डायनिंग टेबलवर!

खरं स्वप्न होतं बोरघाटाचं. बोगदे, दरी, पावसाळी हिरवळ, सगळं. मग कॅल्क्युलेटर काढला आणि लोच्या झाला. घाटाचा चढ एकास सदतीस. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर निदान सात सेंटिमीटर उंची हवी, म्हणजे अडीच मीटरहून लांब नुसता चढच. आमची बेडरूम कर्जतलाच संपते. मग ठरवलं, चार फुटांच्या फळीवर डिझेल शेडचा एक कोपरा करायचा. दोन रूळ, एक सायडिंग, बास. खडी म्हणून चाळलेली वाळू पसरली आणि पाण्यात पातळ केलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरनं सोडलं. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर पाणी वाळूत मुरत नाही, वर गोळे होऊन बसतं. माती म्हणून वापरलेला, खडखडीत वाळवलेला चहाचा चोथा. एक नंबर दिसतो.

शेड झाली. मग चकचकीत इंजिनावर मी तुटून पडलो. पोस्टर कलर, खडूची पूड, तपकिरी, नारिंगी. इंटरनेटवर पाहिलेले फोटो डोक्यात होतेच. दोन तासांत इंजिन असं गंजलं की भंगारवाल्यानंही वजन करून घेतलं असतं. मी जाम खूश. बाबांना दाखवलं.

इथे सांगायला हवं, बाबा घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. आयुष्यभर. मी कॉलेजात असताना मित्र घरी यायचे तेव्हा दारामागे टांगलेला त्यांचा तेलकट डांगरी सूट मी आत नेऊन ठेवायचो. का, ते विचारू नका. रिटायर झाल्यावर ते कामाबद्दल कधी बोलले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, इंजिन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, ‘गंज कशाला रे एवढा? रोज धावणाऱ्या इंजिनाला गंजायला वेळ कुठे असतो? गंज सायडिंगला पडलेल्या वाघिणीला.’

मग एका ठिपक्यावर बोट. ‘हा काय?’

म्हटलं, डाग.

‘कसला? कुठून आला, सांग.’

आली का पंचाईत! तो ठिपका दोन मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या इंजिनावर सतरा सेंटिमीटरचा डाग. आणि तो तिथे असायला काहीही कारण नव्हतं.

नशीब, वरून वार्निश मारलं नव्हतं. ओल्या इअरबड्सनी सगळं पुसलं आणि बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. पुढचे तीन तास ते बोलत होते. काजळी छतावर, धुराड्याभोवती दाट आणि मागे विरत गेलेली. ड्रायव्हरनं नॉच वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, टर्बोची हवा मागून येते, म्हणून तो काळा लोट. इंजिन तासन्‌तास नुसतं सुरू ठेवलं की धुराड्यातून तेलाचे शिंतोडे, ते मात्र ओले, चमकणारे. टाकीच्या तोंडाखाली डिझेलचा ओघळ. रेडिएटरच्या बाजूला पाण्याचे पांढुरके डाग. बोगीवर ब्रेकच्या लोखंडाची तपकिरी भुकटी, चाकांपुढे वाळूची पूड. आणि पायऱ्यांच्या कडा, दांडे? ‘ते स्वच्छ ठेव. तिथे रोज आमचे हात-पाय लागायचे.’

आमचे, म्हणाले.

मग मी हात आखडता घेतला. पाण्यासारखा पातळ काळा-तपकिरी रंग फटींत सोडायचा, वरचा टिपून घ्यायचा. जवळजवळ कोरड्या ब्रशनं कडांवर हलकेच फिरवायचं. काजळी म्हणजे काळ्या खडूची पूड, वरून खाली नाही, पुढून मागे. शेवटी मॅट वार्निशचा पातळ थर आणि तेलाच्या डागांवर तेवढं ग्लॉस. माझ्या मते मॅटमध्येच निम्मी जादू आहे. प्लॅस्टिकची चमक गेली की खेळणं नाहीसं होतं. आणि हो, रुळांच्या बाजू गंजक्या, पण माथा लख्ख ठेवा. गाड्या जातात ना वरून!

आता जिकडेतिकडे वीज आल्यावर अल्को दिसणं तसंही दुर्मिळ झालंय, त्यामुळे संदर्भासाठी मी जुने फोटो शोधत होतो. बाबांनी कपाटातून एक काढून दिला. शेडमध्ये पाच-सहा जण, मागे इंजिन, मधोमध तोच डांगरी सूट. मी भिंग लावून बघितलं. पायरीची कड खरंच चकाकत होती.

तो फोटो आता फळीच्या मागच्या भिंतीवर आहे. इंजिन झालं म्हणून मी ब्रश धुवायला घेतले, तर बाबा तेलाच्या टँकर वाघिणीचा बॉक्स उघडून बसलेले.

‘याचा व्हॉल्व्ह गळका दाखवायचा की नाही?’