छडी गेली, पुढे काय?

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई केली. ते योग्यच झाले. परंतु संतापाने दप्तर भिरकावणाऱ्या किंवा रडता रडता ज्याचा श्वास कोंडतो अशा मुलाचे करावयाचे काय, हे कायदा सांगत नाही. मुलांना श्वासावर ताबा मिळविण्यास शिकविले, तर ही उणीव काही अंशी भरून निघेल असे आम्हांस वाटते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. आठव्या वर्षी मुंज झालेल्या बटूस संध्येबरोबर पूरक, कुंभक, रेचक शिकविले जातच असत. मात्र किनारपट्टीवरील आपल्या घरांत त्याचा अर्थ कितीजणांनी सांगितला? नाक चिमटीत धरून विधी उरकला, की झाले! शिवाय बटूची बहीण त्यापासून दूर राहिली आणि बहुसंख्य समाजही. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि प्राणायाम देवघरातून प्रयोगशाळेत आला. शाळेच्या वर्गात मात्र तो अजून योगदिनापुरताच येतो.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात व सोडताना मंदावतात; म्हणून सावकाश, लांबवून सोडलेला श्वास शरीराला शांत करतो. अमेरिकेत सुमारे सात वर्षांच्या मुलांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार संथ श्वासांनीही हा परिणाम दिसून आला. लहान मुलांना श्वास रोखून धरावयास लावण्याची काहीच गरज नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर शालेय सजगता-पाठांचा प्रयोग झाला. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या शिक्षणाहून त्याचा अधिक लाभ आढळला नाही. सर्वांना एकाच मापाने पाजलेले औषध लागू पडेलच असे नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

शिवाय मूल रागावते ते कोणत्या भाषेत? या प्रश्नासाठी आम्ही बीदर जिल्ह्यातील हुमनाबादकडे बोट दाखवितो. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेला हा मुलूख. घरात मराठी, शाळेत व कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, अशा तिन्ही भाषा तेथील मुलाच्या कानांवर पडतात. ‘जीव घाबरा झाला’, ‘ऊर भरून आला’, ‘दम धर’ या घरच्या शब्दांत श्वास आणि भावना एकत्रच नांदतात. परक्या भाषेतील ‘दीर्घ श्वास घे’ हे त्या मुलास केवळ एक फर्मान वाटेल. घरी कोकणी बोलून इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांचे तरी वेगळे काय आहे?

श्वासास धर्माचे लेबल चिकटविण्याचेही कारण नाही. हुमनाबादनजीकच्या माणिकनगरास माणिकप्रभूंनी सकलमताचा पुरस्कार केला. त्या परिसरातील शाळेत मंत्राशिवाय श्वास शिकविला म्हणून कोणाचे काय बिघडेल?

एक धोका मात्र आम्हांस गंभीर वाटतो. उपाशी आलेल्या, चिडविल्या जाणाऱ्या किंवा घरी मार खाणाऱ्या मुलास ‘श्वास घे आणि शांत बस’ असे सांगणे म्हणजे छडीचेच सभ्य रूप होय. त्याचा राग खरा असतो. श्वास स्थिर झाल्यावर ‘काय झाले?’ असे विचारणारा आणि उत्तर ऐकून घेणारा माणूस समोर हवा. भर रागात हा धडा रुजत नाही. मन निवांत असताना, रोज दोन-तीन मिनिटे, खेळासारखा तो व्हावा.

त्यासाठी नवे पुस्तक, नवी परीक्षा वा नवा अधिकारी नेमण्याची सरकारला आवश्यकता नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक दिवस द्यावा, आणि शाळेत आरंभ वर्गापासून न करता शिक्षकांच्या खोलीपासून करावा; साठ मुलांच्या गोंगाटात घसा कोरडा झालेल्या गुरुजींना त्याची गरज मुलांहून कमी नाही.