मातृभोजनाचा फोटो

खानदेशांत मुंजी बहुधा उन्हाळ्यांत होतात. अंगणांत पाहुण्यांचे फोटो घेतांना प्रखर उन्हामुळें कॅमेऱ्याचें छिद्र १६ या आंकड्यावर ठेवलेलें असतें. मातृभोजनासाठीं माजघरांत शिरल्यावर तें बदलावयाचें राहून जातें. डोळ्याची बाहुली अंधारांत आपोआप विस्फारते. भिंगाचें छिद्र आपणच उघडावें लागतें. आंकडा जितका लहान, तितकें छिद्र मोठें. फिल्म धुवून येईपर्यंत चूक कळत नाहीं, आणि आई व बटु एका ताटांत जेवतात तो प्रसंग पुन्हां येत नाहीं. म्हणून दोघांना दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवावें, छिद्र पुरतें उघडावें, कॅमेरा स्टुलावर टेकवावा व श्वास रोखून कळ दाबावी. जळगांव-धुळ्यास पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हां फिल्म बंद मोटारींत ठेवूं नये, उष्णतेनें ती बिघडते. मांडवाचे दोन फोटो कमी निघाले तरी चालेल. हा एक मात्र नीट निघावा.