अंगठ्याशेजारचे नाव

आदिवासींच्या वस्तूंचे संग्रहालय पाहून बाहेर पडणाऱ्याच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते : ‘काय हात आहे हो या लोकांचा!’ कौतुक मनापासूनचे असते. पण ‘या लोकांचा’ म्हणजे नेमका कोणाचा, हे कोणी विचारत नाही.

पुणे आणि भोपाळ इथली आदिवासी संग्रहालये मी हौसेने पाहिली आहेत. पावसात डोक्यावर घ्यायचे इरले, मासे धरायचा बांबूचा सापळा, वाळवलेल्या भोपळ्याचा तारपा, जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यातले मुखवटे. यांतले काहीही ‘जमातीने’ घडवलेले नसते. कोणा एकाने पावसाळ्याआधी पडवीत बसून ते इरले विणलेले असते. तरी अशा वस्तूंखाली सर्रास लिहिलेले आढळते ते जमातीचे नाव आणि जिल्ह्याचे.

कोणी म्हणेल, परंपरेत नावाला महत्त्व नसते. मान्य. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाशिणी खाली सही करीत नसत. पण सही न करणे ही त्यांची रीत झाली. नाव विचारून न ठेवणे ही आपली सवय.

नाव पुढे आले की काय घडते, हे आपण पाहिले आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. भोपाळचे भारत भवन १९८२ साली उघडले. तिथे जे. स्वामीनाथन यांनी आदिवासी चित्रे आधुनिक चित्रांच्या शेजारी मांडली. पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम नावानिशी जगापुढे आले, त्यांच्या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हटले जाऊ लागले.

मी बँकेत उभी हयात काढली. निरक्षर खातेदाराचा नुसता अंगठा आम्ही कधी घेतला नाही. शेजारी त्याचे पूर्ण नाव लिहायचे, साक्षीदाराची सही घ्यायची, मगच कागद पुढे सरके. कर्ज देताना नाव लागते आणि कौतुक करताना जमात पुरते, हा कुठला हिशेब?

जुन्या वस्तूंच्या कर्त्यांची नावे आता मिळणे अवघड आहे. पण आज विकत घेतलेल्या टोपलीच्या व्हाउचरवर नाव-गाव लिहावेच लागते. तेवढेच पाटीवर उतरवा. उद्या आश्रमशाळेच्या सहलीतल्या एखाद्या पोरीला तिथे आपल्या आजीचे नाव वाचता आले पाहिजे.