दरोड्यातले पाचवे नाव

सोलापूर–धुळे महामार्गावर येडशीच्या आसपास रात्री एखादा ट्रक लुटला गेला, की सकाळी पोलिसांची गाडी आधी पारधी पिढीवर जाते. (वस्तीला इकडे पिढी म्हणतात.) लूट झालेली असते हे खरे. ड्रायव्हरचे डोके फुटलेले असते, त्यालाही घरदार असते, आणि त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण उचलले कोणाला जाते, आणि उचललेल्याचे पुढे काय होते, यावर आपल्या चळवळीत फारसे कोणी बोलत नाही.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांसाठीचा राज्याचा कायदा आला आणि संशय तिथेच राहिला. ‘सुकन्या शांता’ खटल्यात 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. निकाल चांगलाच आहे. पण तो पिढीवर वाचून कोण दाखवणार?

खरी मेख बारीक अक्षरात आहे. चार जणांनी केली तर जबरी चोरी. पाचवे नाव लागले की दरोडा, आणि दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याला सवलत दिली: कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की जामिनावर सुटका. मात्र त्या गुन्ह्याला जन्मठेपेची तरतूद असेल किंवा एकाहून जास्त खटले चालू असतील, तर ही सवलत नाही. पारध्याच्या पोरावर एकच खटला असतो कुठे? म्हणजे ज्याला सवलतीची सर्वात जास्त गरज, तोच तिच्याबाहेर.

जामीन मंजूर झाला तरी ऐपतीचा जामीनदार लागतो. ना सातबारा, ना घरपट्टीची पावती. पारध्याला जामीन कोण राहणार? केंद्राच्या 2023 च्या गरीब कैदी साहाय्य योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. प्रस्ताव जिल्हा समितीपुढे जातो, आणि कैद्याच्या परिस्थितीची माहिती काढायला सामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेता येते. हे काम आपले आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला जातीच्या दाखल्याची अट नाही, हेही पिढीवर फार थोड्यांना माहीत असते. आमच्याकडे आलेल्या एका आईने पैसे मागितले नाहीत. पुढच्या तारखेला सोबत कागद वाचता येणारे कुणीतरी हवे, एवढेच तिचे म्हणणे होते.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ने 1990 पासून मुंबई भागातल्या तुरुंगांत हेच केले. आत जाऊन भेटायचे, वकील गाठायचा, घरी निरोप द्यायचा, सुटल्यावर काम शिकवायचे. आपल्या जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला भटके विमुक्त विकास परिषदेने पारधी मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. त्यांच्यामागच्या विचारसरणीशी आमचे जुळत नाही, जुळणारही नाही. पण ती शाळा उभी राहत होती तेव्हा आपण कुठे होतो, हे आम्हाला टोचते. बाबासाहेबांनी तर 1948 सालीच ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत अस्पृश्य आणि आदिवासींच्या बरोबरीने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा विचार मांडला होता.

अंगुलिमालाची गोष्ट आपण विहारात सांगतो आणि तो भिक्खू झाला की थांबतो. पुढे तो भिक्षेला गेला तेव्हा लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. सुटून आलेल्या पोराला गावात हातगाडी लावू दिली जात नाही, तेव्हा आम्हाला गोष्टीचा तोच भाग आठवतो.

येडशीहून धाराशिवचे कारागृह अर्ध्या-पाऊण तासावर आहे. आपल्या विहारांत एलएलबी झालेली, एमएसडब्ल्यू झालेली पोरे-पोरी आहेत. दोघांनी मिळून पिढीवरच्या कैद्यांची नावे, कलमे आणि पुढच्या तारखा एका वहीत उतरवल्या, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बोलणे सुरू करायला तेवढी वही पुरते.