खळ्यावरची पायली, धुऱ्यावरची झोळी



वेचणीआधी आपण सीतादही करतो, पराटीला दहीभात दाखवतो, शेताला आई म्हणतो. त्याच शेतात आठवा महिना लागलेली बाई कमरेला ओटी बांधून वाकलेली असते. वेचाई किलोवर, बसली की मजुरी बुडाली. बाळंत होऊन दीड महिना झाला नाही तोच ती पुन्हा तासात, आणि लेकरू धुऱ्यावरच्या झोळीत.

हिशेब मांडू. संघटित क्षेत्रातल्या नोकरदार आईची पगारी रजा २०१७ साली २६ आठवडे झाली. ती तिचा हक्कच आहे, आमचे तिच्याशी भांडण नाही. पण त्याच वर्षीच्या मातृवंदना योजनेत वेचणाऱ्या आईला पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये, तेही हप्त्याने. २६ आठवड्यांचे दिवस १८२. दिवसाला साडेसत्तावीस रुपयेसुद्धा पडत नाहीत! हीच का वंदना?

पण सरकारला शिव्या देऊन आपण सुटत नाही. बोंड भरताना पाण्याचा ताण पडला तर उतारा घटतो, हे आम्ही कृषी पदवीधर गावोगाव सांगत फिरलो. पोटात लेकरू भरताना आईला ताण पडतो, त्यावर आम्ही कधी बोललो? आणि व्यापारी काटा मारतो म्हणून ओरडणारे आपण, लेकराला पाजायला बसलेल्या बाईला हाक मारून उठवतोच ना?

कापसाला भाव नाही, कुठून देणार, असे कोणी म्हणेल. भावाची लढाई सुटणार नाहीच. पण रस्ता आपल्याच जिल्ह्यात निघाला होता. १९८० च्या दशकात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांत आरोग्यविम्याचा हप्ता ज्वारीत घेतला. तोही सुगीला, कारण दाणा तेव्हाच घरात असतो. भूमिहीनाचा वाटा कमी, जमीनवाल्याचा एकराप्रमाणे जास्त. बहुतेक घरे आली तरच गाव योजनेत. बाळंतपणालाही सवलत. हा कोणाचा उपकार नव्हता. गावाने आपल्या खळ्यावरून मोजून घेतलेला हक्क होता.

म्हणून या बैठकीत ठरवू :

१. सुगीला घरटी ज्वारी वेगळी काढायची. ज्वारी सोडून सोयाबीन पेरले असेल त्याने तेवढी रक्कम द्यायची. त्यातून बाळंतिणीच्या घरी तीन महिने दाणा.

२. वेचणीत लेकरे सांभाळणाऱ्या बाईला वेचणाऱ्या बाईइतकी मजुरी, शेतमालकांनी मिळून.

३. हिशेबाची वही बायांच्या हाती.

‘गाव पाठीशी आहे’ हे तोंडाने पुष्कळ सांगून झाले. आता पायलीने मोजून दाखवू.