रद्दी कीं ठेवा?

ठाण्याहून एका वाचक-भगिनीचें पत्र आलें आहे. त्या लिहितात : "माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला इंग्रजी चित्रकथांचें, मुलें ज्यांना कॉमिक्स म्हणतात त्यांचें, विलक्षण वेड लागलें आहे. सणावारीं वडील मंडळी हातावर ठेवितात तो पैसा त्यांतच जातो. सुपरहिरोंचा नवा चित्रपट लागला कीं तो पहिल्याच दिवशीं पाहिला पाहिजे, आणि शेवटची नामावळी संपेपर्यंत खुर्चीवरून उठावयाचें नाहीं. खोलींत तीन खोकीं भरलीं आहेत. त्यांना हात लावण्याची कोणास मुभा नाहीं. पुढील वर्षीं दहावी. ह्यांचें म्हणणें, सगळें रद्दींत घालून मोकळें व्हावें. मला तसें करवत नाहीं, आणि नको म्हणावयास कारणहि सांपडत नाहीं. आपण काय सुचवितां?"

पत्र मीं दोनदां वाचलें. या सदरांत सल्ला विचारणारांस मी सहसा ताटकळत ठेवीत नाहीं. परंतु या बाबतींत मला स्वतःलाच एक कबुली द्यावयाची आहे, ती शेवटीं देईन. आधीं हें वेड कसलें आहे तें पाहूं. कारण ज्या वस्तूला आपण रद्दी म्हणतों ती काय आहे हें जाणल्यावांचून तिचा न्याय करणें बरें नव्हे.

अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरांत जेरी सीगल व जो शुस्टर असे दोन मित्र होते. दोघेहि परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबांतले. सीगल लिही, शुस्टर चित्रें काढी. उंच झेपा घेणारा, गोळीला न जुमानणारा आणि एरव्हीं चष्मा लावून वर्तमानपत्राच्या कचेरींत मुकाट्यानें काम करणारा सुपरमॅन त्यांनीं कल्पिला. कित्येक वर्षें त्याला कोणी विचारीना. अखेर १९३८ सालीं त्यांनीं त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांना विकून टाकले, आणि जून १९३८ ही तारीख असलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत तो अवतरला. अंकाची किंमत १० सेंट. प्रती सुमारें दोन लाख छापल्या. आज त्यांतील जेमतेम शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे.

बाकीच्या गेल्या कोठें? कांहीं मुलांनींच वाचून वाचून फाडल्या, घडी करून खिशांत कोंबल्या, गोट्यांच्या बदल्यांत देऊन टाकल्या. दुसऱ्या महायुद्धांत कागद गोळा करण्याची मोहीम निघाली तेव्हां देशसेवा म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यासाठीं गेले. युद्धानंतर शिष्टजनांचा रोष ओढवला. १९४८ सालीं कांहीं गांवीं तर शाळेंतील मुलांकडूनच त्यांच्या होळ्या करविण्यांत आल्या. १९५४ सालीं फ्रेडरिक वर्थम या मानसरोगतज्ज्ञानें ग्रंथ लिहून बालगुन्हेगारीचें खापर या चित्रकथांवर फोडलें. अमेरिकन सेनेटच्या समितीपुढें सुनावणी झाली, आणि प्रकाशकांनीं घाबरून स्वतःवरच नियमांचें बंधन घालून घेतलें. उरलेल्या प्रती घराघरांतून साफसफाईच्या दिवशीं गेल्या. म्हणजे आपल्या भगिनीच्या घरीं आज जो प्रश्न पडला आहे तो ८५ वर्षांपासून अमेरिकेंतील आयांना पडत आला आहे, आणि बहुतेकींनीं त्याचें उत्तर एकच दिलें.

सर्वच आयांनीं मात्र नव्हे. २०२४ सालीं कॅलिफोर्नियांत तीन भाऊ दिवंगत आईचें घर आवरीत होते. माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाखालीं त्यांना कांहीं जुन्या चित्रकथा सांपडल्या. त्यांत १९३९ सालचा 'सुपरमॅन'चा पहिला अंक होता. बाईंनीं लहानपणीं आपल्या भावाबरोबर हे अंक घेतले होते आणि ते जन्मभर जपले. नोव्हेंबर २०२५ मध्यें लिलांवांत त्या एका अंकाला ९१ लाख २० हजार डॉलर मिळाले.

हा आंकडा वाचून ज्या वाचकांचें लक्ष मुलाच्या खोक्यांकडे गेलें असेल त्यांनीं क्षणभर थांबावें. जें थोडें उरलें तें महाग झालें; जें सर्वांनीं जपलें त्याला मोल नाहीं. अशा किंमतींच्या वार्ता ऐकून अमेरिकेंत १९९० च्या सुमारास लोक नवे अंक गुंतवणूक म्हणून घेऊं लागले. १९९१ सालीं 'एक्स-मेन'च्या एका पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या. १९९२ सालीं सुपरमॅनचा मृत्यु दाखविणारा अंक काळ्या वेष्टनांत निघाला, तो घेण्यास दुकानांपुढें रांगा लागल्या, आणि कित्येकांनीं वेष्टन न फोडतां तो कपाटांत ठेवून दिला. आज ते दोन्ही अंक किरकोळ पैशांत मिळतात. बाजार कोसळला, आणि डिसेंबर १९९६ मध्यें मार्व्हल ही बलाढ्य कंपनीहि दिवाळखोरींत गेली. पुढें २००८ सालच्या 'आयर्न मॅन'पासून २०१९ सालच्या 'ॲव्हेंजर्स : एंडगेम'पर्यंत त्याच कंपनीच्या चित्रपटांनीं जग जिंकलें, ही गोष्ट निराळी. पण त्या रांगेंतल्या लोकांचे पैसे कांहीं परत आले नाहींत.

या व्यवहारांत आणखी एक गंमत आहे. २००० सालापासून तेथें चित्रकथांना गुण देणारी एक संस्थाच निघाली आहे. अंकाची पाठ, कोपरे, टांचण्यांचा गंज, कागदाचा पिवळेपणा, सारें तपासून दहांपैकीं गुण देतात आणि अंक पारदर्शक कवचांत कायमचा बंद करितात. आपल्या मुलांप्रमाणें चित्रकथांनाहि परीक्षा चुकलेली नाहीं! मात्र उत्तम गुण मिळवून बंदिस्त झालेला अंक मग कोणाला वाचतां येत नाहीं. तेव्हां धनाच्या आशेनें हा छंद करूं नये, व करूं देऊंहि नये.

मग त्यांत जपण्यासारखें काय आहे? याचें उत्तर त्या शेवटच्या नामावळींत आहे. सुपरमॅनवर लोकांनीं अमाप पैसा मिळविला. त्याचे जनक मात्र हक्क विकून बसलेले. कोर्टकचेऱ्या करूनहि हातीं फारसें लागलें नाहीं. सीगल कारकुनी करी आणि शुस्टरची दृष्टि मंदावली होती. १९७५ सालीं सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असें जाहीर झालें, तेव्हां सीगलनें आपली कैफियत जगापुढें मांडली. इतर चित्रकार त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांना प्रत्येकीं सालीना २० हजार डॉलर देण्याचें ठरलें, आणि सुपरमॅनबरोबर त्यांचीं नांवें छापण्याचें कबूल झालें. १९७८ च्या चित्रपटांत तीं नांवें आलीं. बॅटमॅनची घडण करण्यांत मोठा वांटा असलेला बिल फिंगर १९७४ सालीं वारला. त्याच्या नांवाला अधिकृत मान २०१५ सालीं मिळाला. आणि ज्या चेकमध्यें ते १३० डॉलर दिले गेले होते तो कागदाचा तुकडा २०१२ सालीं लिलांवांत १ लाख ६० हजार डॉलरांना विकला गेला.

खरें सांगावयाचें तर नामावळीनंतर एक छोटासा प्रसंग दाखवितात, त्याच्या लोभानें मुलें बसून राहतात. तरी तेवढ्या वेळांत हजारों माणसांचीं नांवें त्यांच्या डोळ्यांपुढून जातात. त्यांतील प्रत्येक नांव कोणी सहजासहजीं दिलेलें नाहीं, हें चौदा वर्षांच्या मुलाला समजावून दिलें तर तें त्याच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतील एका धड्याइतकें खचित मोलाचें ठरेल.

आतां माझी कबुली. मुंबईच्या टाइम्स समूहानें १९६४ सालीं 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलीं. तीं मराठींतहि निघत. वेताळ, जादूगार मँड्रेक आणि पुढें बहादूर यांनीं एका पिढीला वेड लाविलें. १९९० सालीं तीं बंद पडलीं. आमच्या चिरंजीवांनीं त्यांचा मोठा गठ्ठा जमविला होता. १९८६ सालीं सहामाही परीक्षेंत गणितांत तो नापास झाला. त्या संध्याकाळीं तो खेळावयास गेला असतां मीं रद्दीवाल्यास हांक मारिली आणि सारा गठ्ठा तागडींत घातला. चौदा रुपये आले. त्यांत थोडी भर घालून मीं गणिताचें मार्गदर्शक आणलें आणि कर्तव्यदक्ष पित्याच्या समाधानानें त्याच्या टेबलावर ठेविलें.

मुलगा रडला नाहीं, बोललाहि नाहीं. गणितांत पुढें पास झाला, अभियंता झाला, आणि आज न्यू जर्सींत आहे. माझ्याशीं नेहमींच अदबीनें वागतो. पण त्या दिवसानंतर त्यानें आपली कोणतीहि आवडीची वस्तु मला आपण होऊन दाखविली नाहीं. हें माझ्या ध्यानांत येण्यास फार वर्षें लागलीं.

गेल्या वर्षीं आमच्या घरच्या मंडळींची जुनी पेटी आवरतांना एक चाळीसपानी वही निघाली. त्या संध्याकाळीं ती तेवढी तिनें माझ्या नजरेआड केली होती. वहींत ११२ अंकांची यादी आहे : अनुक्रमांक, नांव, कोणाकडून घेतला, काय दिलें. दोन मँड्रेकना एक वेताळ असा भाव मांडला आहे. प्रत्येक पानाच्या तळाशीं बेरीज, आणि ती पुढच्या पानाच्या माथ्यावर ओढलेली. मीं जन्मभर बँकेंत हिशेब तपासले. चष्मा लावून सगळी वही तपासली. एका पैशाची चूक नाहीं. ज्याला मी गणितांत ढ म्हणत होतों त्याचें गणित मीं त्याच सायंकाळीं तागडींत घातलें होतें. न मिळालेल्या अंकांसाठीं मधूनमधून ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.

म्हणून भगिनी, माझें सांगणें इतकेंच :

मुलाच्या संमतीवांचून एकहि अंक घराबाहेर जाऊं देऊं नये. खर्चावर मर्यादा अवश्य असावी. महिन्याची रक्कम ठरवून द्यावी आणि तिचा हिशेब त्याच्याच हातीं लिहवावा. जुने अंक बहुधा हलक्या कागदावर छापलेले. हा कागद आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यांना ऊन दाखवूं नये, फाटल्यास चिकटपट्टी लावूं नये. पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी, पाठीला आम्लविरहित पुठ्ठा, आणि पेटींत उभे ठेवणें, हा राजमार्ग. ठाण्याच्या पावसाळ्यांत ओल आणि कसर हेच त्यांचे खरे खलपुरुष; तेव्हां खोकीं भिंतीला टेकून किंवा जमिनीवर नसावींत. परीक्षेच्या दिवसांत खोकीं बंद करावयाचीं असतील तर तीं त्यानेंच बंद करावींत आणि किल्ली त्याच्याचपाशीं असावी. आणि एखाद्या रविवारीं आपण दोघांनीं त्याच्याजवळ बसून, त्याला सर्वांत प्रिय असलेला अंक त्याच्याकडून वाचवून घ्यावा. मीं हें १९८६ सालीं करावयास हवें होतें.

ती वही मीं रजिस्टर टपालानें न्यू जर्सीला पाठविली. सोबत चार ओळींचें क्षमापत्र. उत्तर पंधरा दिवसांनीं फोनवर आलें. "बाबा, वही पोंचली," एवढेंच चिरंजीव प्रथम म्हणाले. मग बराच वेळ कांहीं नाहीं. मग म्हणाले, "सत्तेचाळीसावा अंक परवां एकाकडे मिळाला. तुम्हांला दाखवूं का?"

मीं हो म्हटलें.